गुरुद्रोह कशास म्हणावा?

गेल्या दिवाळींत माझी धाकटी पुतणी चार दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. ती एका विद्यापीठांत अर्थशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी आहे. फराळ आटोपला, मंडळी पांगली, तरी ती माजघरांत एकटीच बसून राहिलेली पाहून मीं सहज विचारलें, "काय गं, सणासुदीला एवढी कसली विवंचना?" तेव्हां तिनें जें सांगितलें, त्यावरूनच प्रस्तुत लेख लिहावासा वाटला.

तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांचा दुष्काळी तालुक्यांतील शेतमजुरीवर एक निबंध कांहीं वर्षांपूर्वीं प्रसिद्ध झालेला आहे. पुतणीचा प्रबंध त्याच निबंधाच्या पायावर उभा राहावयाचा. म्हणून तिनें मूळ आंकडे मागून घेतले आणि स्वतः सरासरी काढून पाहिली. ती जमेना. तीन रात्री खपल्यावर तिच्या लक्षांत आलें कीं, एका तालुक्याचे आंकडे कोष्टकांत दोनदां आले आहेत, आणि ती पुनरुक्ति काढून टाकली म्हणजे निबंधाचा मुख्य निष्कर्ष बराच लंगडा पडतो.

"काका," ती म्हणाली, "सरांनीं मला विषय दिला. वसतिगृहाची अडचण आली तेव्हां स्वतः खटपट केली. त्यांचीच चूक मीं कोणत्या तोंडानें दाखवावी? आणि न दाखवावी, तर याच आंकड्यांवर माझा प्रबंध कसा रचूं? तुम्ही शास्त्र शिकलेले आहांत. हा गुरुद्रोह होईल का?"

मला लगेच उत्तर देतां आलें नाहीं. याचें एक कारण असें कीं, प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं. दुसरें कारण माझ्या स्वतःच्या अध्यापकीय आयुष्यांत दडलेलें आहे. तें शेवटीं सांगेन.

आमच्या घरांतून गुरूची निंदा ऐकूंही नये, जेथें ती चालली असेल तेथून उठून जावें, असें लहानपणींच शिकविलें जाई. मी ज्या पाठशाळेंत संस्कृत शिकलों, तेथें गुरुजींपुढें आवाज चढविणें हेंही पाप समजत. परंतु त्याच पाठशाळेंत दुपारीं शास्त्रार्थास बसलें म्हणजे गुरुजी स्वतः एक पक्ष घेत आणि आम्हां पोरांकडून त्याचें खंडन करवीत. एखाद्यानें त्यांस खरोखरच कोंडींत पकडलें, तर मांडीवर थाप मारून ते दाद देत. सकाळीं ज्यांच्या पायांवर डोकें ठेवावयाचें, त्यांचेंच म्हणणें दुपारीं खोडून काढावयाचें, यांत आम्हांस कधीं विसंगति वाटली नाहीं. नमस्कार गुरूच्या चरणांस होता. खंडन त्यांच्या पक्षाचें होतें. या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें आम्हांस कोणी शब्दांनीं शिकविलें नाहीं; तें रोजच्या वागणुकींतून कळलें.

ही केवळ आमच्या गुरुजींची लहर नव्हती. तिला शास्त्राचा भक्कम आधार आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय तें कळावें म्हणून जी चर्चा होते तिचें नांव वाद. जिंकण्यासाठीं, शब्दांचे डावपेंच लढवून जी चालते ती जल्प. स्वतःचा कोणताच पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचें पाडावयाचें, ती वितंडा. आतां यांपैकीं वाद कोणाशीं करावा? याचें उत्तर त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायांत आहे. शिष्य, गुरु, सहाध्यायी आणि कल्याणाची इच्छा असलेले इतर थोर लोक, यांच्याशीं मत्सर सोडून वाद करावा, असा त्याचा आशय आहे. वाचकांनीं या यादीकडे नीट लक्ष द्यावें. गुरूशीं वाद करूं नये, असें सूत्रकार म्हणत नाहीं. ज्यांच्याशीं वाद करावा त्यांतच तो गुरूची गणना करतो. अट एकच, मनांत मत्सर नसावा. जल्प आणि वितंडा यांची योजना त्यानें निराळ्या कामीं सांगितली आहे. कोंवळ्या रोपाचें गुरांपासून रक्षण करण्यासाठीं जसें कांटेरी फांद्यांचें कुंपण घालतात, तसें तत्त्वाच्या रक्षणासाठीं त्यांचा उपयोग करावा. म्हणजे कांटे आहेत ते बाहेरच्यांसाठीं. घरांतल्या घरांत, गुरु आणि शिष्य यांच्यामध्यें, कांट्यांचें कुंपण घालावयाचें नसतें.

व्याकरणशास्त्राची तर उभारणीच या वृत्तीवर झालेली आहे. पाणिनीनें सुमारें चार हजार सूत्रें रचलीं. कात्यायनानें त्यांतील शेंकडों सूत्रांवर वार्तिकें लिहून येथें न्यून आहे, येथें अधिक आहे, असें निर्भीडपणें दाखविलें. पुढें पतंजलीनें महाभाष्यांत कात्यायनाचीही झडती घेतली आणि पुष्कळ ठिकाणीं पाणिनीचा पक्ष सांवरून धरला. हे तिघे साक्षात् गुरुशिष्य नव्हते. त्यांच्यामध्यें मोठा कालावधि गेला. परंतु परंपरेनें तिघांनाही मुनि म्हणूनच वंदन केलें, आणि त्यांच्यांत मतभेद आला तर मागाहून आलेल्या मुनीचें मत अधिक प्रमाण मानावें, असा दंडक घातला. जें शास्त्र आपल्या आद्य आचार्याहून त्याच्या टीकाकारास अधिक मान देतें, त्यास दोषदर्शनाचें भय होतें असें कोण म्हणेल?

असें असलें तरी, प्रत्यक्ष गुरूच्या ग्रंथावर शिष्यानें लेखणी उचलली म्हणजे किती वादळ उठतें, याचें उत्तम उदाहरण याच शास्त्राच्या इतिहासांत आहे. तें थोडें विस्तारानें सांगतों.

सोळाव्या शतकांत काशीमध्यें शेष कृष्ण या नांवाचे मोठे वैयाकरण होऊन गेले. शेष घराणें मूळचें दक्षिणेंतलें. विद्येसाठीं काशीस जाऊन तेथेंच स्थायिक झालेलें. कृष्णपंडितांनीं 'कंसवध' हें नाटकही लिहिलें आहे. परंतु त्यांची खरी कीर्ति व्याकरणांत. रामचंद्राच्या 'प्रक्रियाकौमुदी'वर त्यांनीं 'प्रक्रियाप्रकाश' नांवाची टीका लिहिली. त्यांच्या शिष्यांत भट्टोजी दीक्षित हे होते. याच भट्टोजींनीं पुढें 'सिद्धान्तकौमुदी' रचली. आज चारशें वर्षें लोटलीं, तरी व्याकरण शिकणारे विद्यार्थी तिचा अभ्यास करतात. आपल्या कौमुदीवर भट्टोजींनीं स्वतःच 'प्रौढमनोरमा' ही टीका लिहिली, आणि तींत ठिकठिकाणीं गुरूंच्या 'प्रक्रियाप्रकाशा'तील मतांचें खंडन केलें.

यावर काशींतील विद्वानांत खळबळ उडाली. कृष्णपंडितांच्या नातवानें 'मनोरमे'चे दोष दाखविणारा ग्रंथ लिहिला. त्यानेंही समाधान न होऊन पंडितराज जगन्नाथ पुढें सरसावले. जगन्नाथ हे शहाजहानच्या दरबारांतील मानकरी, 'रसगंगाधरा'चे कर्ते आणि कृष्णपंडितांचे पुत्र वीरेश्वर यांचे शिष्य. म्हणजे कृष्णपंडित त्यांचे गुरूचे गुरु. त्यांनीं 'मनोरमे'वर जो ग्रंथ लिहिला, त्याचें नांवच इतकें ग्राम्य आहे कीं, कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत मी तें लिहीत नाहीं. जाणते लोक जाणतातच. ग्रंथाच्या आरंभींच त्यांनीं भट्टोजींवर गुरुद्वेषाचा आरोप ठेवला. ज्यांच्या कृपेनें विद्या मिळाली त्यांच्याच ग्रंथास, ते परलोकवासी झाल्यावर, त्यांचा आशय न कळल्यामुळें दोष दिला, असा त्या आरोपाचा सारांश आहे.

या आरोपाचे दोन भाग पाडून पाहिले पाहिजेत. "आशय न कळल्यामुळें" हा पहिला भाग शास्त्राचा आहे. त्याचा निकाल शास्त्रानेंच लागावयाचा. आणि येथें जगन्नाथपंडितांच्या मोठेपणाची एक खूण दिसते. शिव्या देऊन ते थांबले नाहींत. पुढें ग्रंथांत त्यांनीं एकेक स्थळ घेऊन भट्टोजींचें म्हणणें तर्कानें खोडण्याचा यत्न केला आहे. कितीही संतापले तरी त्यांस ठाऊक होतें कीं, "हा गुरुद्रोही" एवढें म्हटल्यानें 'प्रक्रियाप्रकाशा'चें एकही वाक्य शुद्ध ठरत नाहीं. गुरुद्रोहाचा आरोप हें कोणत्याही आक्षेपाचें उत्तर नव्हे. उत्तर द्यावयाचें तर आक्षेपाच्याच भाषेंत द्यावें लागतें.

दुसरा भाग "ते परलोकवासी झाल्यावर" हा. मला स्वतःला या तीन शब्दांत तथ्य वाटतें. गुरूचें मत चुकीचें वाटलें, तर तें गुरु उत्तर देऊं शकतील अशा वेळीं आणि अशा जागीं बोलून दाखवावें. भट्टोजींनीं तें गुरूंच्या हयातींत त्यांच्यापुढें मांडलें होतें कीं नाहीं, हें जगन्नाथांच्या एकतर्फी फिर्यादीवरून ठरवितां येणार नाहीं. तेव्हां भट्टोजींस दोषी धरण्याचें कारण नाहीं. परंतु फिर्यादींतील मुद्दा मात्र न्यायाचा आहे.

या भांडणाचा शेवट कसा झाला? काळानें दोघांनाही ठेवलें. व्याकरणांत भट्टोजींची 'कौमुदी' आणि अलंकारशास्त्रांत जगन्नाथांचा 'रसगंगाधर' हे आज अभ्यासाचे ग्रंथ आहेत. आणि याहून गोड गोष्ट पुढेंच आहे. भट्टोजींचे नातू हरि दीक्षित. त्यांचे शिष्य नागेशभट्ट, आडनांवानें काळे, आपल्या महाराष्ट्रांतले. त्यांनीं 'कौमुदी'वर 'शब्देंदुशेखर' लिहितांना अनेक ठिकाणीं भट्टोजींचें मत बाजूला सारून भाष्याला धरून निराळा अर्थ केला आहे. आपल्या गुरूच्या आजोबांस त्यांनीं चुकले म्हटलें. तरी त्यांस गुरुद्रोही म्हणून कोणी हिणविल्याचें ऐकिवांत नाहीं. उलट त्या परंपरेंतील विद्यार्थ्यास 'शेखर' वाचल्यावांचून पुरा वैयाकरण कोणी म्हणेना. याच नागेशभट्टांनीं जगन्नाथपंडितांच्या 'रसगंगाधरा'वरही टीका लिहिली. ज्यानें आपल्या परंपरेच्या मूळ पुरुषास गुरुद्वेष्टा म्हटलें, त्याचा ग्रंथ समजावून देण्यासाठीं नागेशांनीं लेखणी झिजविली, आणि जेथें पटलें नाहीं तेथें तसेंही लिहिलें. विद्येच्या घरांतील भांडण असें मिटतें.

शिष्याचा आक्षेप सहन न झालेल्या गुरूंचीही एक कथा आपल्याकडे आहे. रामानुजाचार्य तरुणपणीं कांची येथें यादवप्रकाशांजवळ वेदान्त शिकत होते. छांदोग्य उपनिषदांत परमेश्वराच्या नेत्रांस कमळाची उपमा दिलेली आहे. त्या स्थळाचा गुरूंनीं असा कांहीं हीन अर्थ केला कीं, शिष्याच्या डोळ्यांस पाणी आलें आणि त्यानें दुसरा अर्थ सुचविला. पुढें मतभेद वाढत गेला, गुरूंनीं त्यास पाठांतून काढून दिलें, इतकेंच नव्हे तर यात्रेंत त्याचा घात करण्याचाही बेत केला, असें संप्रदायांत सांगतात. कथेचा शेवट असा कीं, वृद्धपणीं यादवप्रकाश स्वतःच रामानुजांचे शिष्य झाले. इतिहास म्हणून यांतील किती अंश खरा मानावा, तो भाग निराळा. परंतु ज्या समाजानें ही कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली, त्याला बरोबर अर्थ सांगणारा शिष्य दोषी वाटला नाहीं, हें उघड आहे.

"मास्तर, हें सर्व जुन्या पोथ्यांतलें झालें," असें कोणी म्हणेल. "आज विद्या आंकड्यांत आणि प्रयोगशाळेंत गेली. तेथें तुमच्या शास्त्रार्थाचा काय उपयोग?" म्हणून एक अलीकडचें उदाहरण देतों. तें माझ्या पुतणीच्याच विषयांतलें आहे आणि जगभर गाजलेलें आहे.

इ. स. २०१० मध्यें कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं राष्ट्रीय कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. रोगॉफ हे हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक. १९४६ ते २००९ या काळांतील वीस प्रगत देशांचे आंकडे घेऊन त्यांनीं दाखविलें कीं, ज्या देशाचें सरकारी कर्ज त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून अधिक होतें, तेथें वाढ खुंटते, सरासरी ०.१ टक्का घटच होते. युरोप आणि अमेरिकेंतील राजकारणी पुरुषांनीं सरकारी खर्चास कात्री लावण्याच्या धोरणासाठीं हा निबंध प्रमाण म्हणून पुढें केला. म्हणजे त्या एका आंकड्याचा परिणाम लक्षावधि कुटुंबांच्या पगारावर आणि निवृत्तिवेतनावर व्हावयाचा होता.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेंत थॉमस हर्न्डन नांवाचा अठ्ठावीस वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. वर्गांत अभ्यास म्हणून असें काम दिलेलें होतें कीं, एखादा प्रसिद्ध निबंध घ्यावा आणि तोच निष्कर्ष आपल्यालाही काढतां येतो का तें पाहावें. त्यानें हा निबंध घेतला. निष्कर्ष निघेना. त्याच्या अध्यापकांस प्रथम वाटलें कीं, चूक या पोराचीच असणार. अखेर त्यानें मूळ लेखकांस पत्र लिहून त्यांचें संगणकावरील कोष्टक मागितलें, आणि त्यांनीं तें पाठविलें. कोष्टक उघडून पाहतो तों सरासरी काढतांना पांच देशांच्या ओळी हिशेबांतून गळालेल्या: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. शिवाय कांहीं देशांचीं युद्धोत्तर वर्षें वगळलेलीं होतीं. सरासरीची रीतही अशी होती कीं, ब्रिटनचीं एकोणीस वर्षें आणि न्यूझीलंडचें एकच वाईट वर्ष यांस सारखेंच वजन मिळालें होतें. हे सर्व दोष काढून हिशेब केला, तेव्हां ०.१ टक्का घटीच्या जागीं २.२ टक्के वाढ आली. एप्रिल २०१३ मध्यें हर्न्डन आणि त्याचे अध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन या तिघांच्या नांवानें हें खंडन प्रसिद्ध झालें.

येथें कोण कसें वागलें, तें पाहण्यासारखें आहे. मूळ लेखकांनीं गळालेल्या ओळींची चूक कबूल केली. ती हर्न्डननें दाखविलेल्या दोषांपैकीं लहानच होती. वर्षांची निवड आणि सरासरीची रीत यांबाबत मात्र त्यांनीं आपला बचाव केला, आणि मोठें कर्ज व मंद वाढ यांचा संबंध आहे, हें म्हणणें सोडलें नाहीं. तो त्यांचा अधिकार होता. परंतु एका अनोळखी विद्यार्थ्यानें मागतांच त्यांनीं आपलें कोष्टक त्याच्या स्वाधीन केलें, हें त्यांच्या बाजूस जमा धरलें पाहिजे. त्यावांचून चूक सांपडलीच नसती. हर्न्डनच्या अध्यापकांनीं शिष्यावर आधीं अविश्वास दाखविला, पण पुरावा पाहतांच ते त्याच्या पाठीशीं उभे राहिले. आणि विद्यार्थ्यानें गाजावाजा करण्यापूर्वीं मूळ कागद मागितला. माझ्या मतें हा शुद्ध वाद होय. गौतमानें तो ऐकला असता तर त्यास समाधान वाटलें असतें.

यांत एक भेद मात्र ध्यानांत ठेवला पाहिजे. चूक निराळी, लबाडी निराळी. चुकीस वादाचे नियम लागतात. लबाडीस लागत नाहींत. हॉलंडांतील टिलबर्ख विद्यापीठांत डिडेरिक स्टापेल हे मानसशास्त्राचे ख्यातनाम प्राध्यापक होते. आंकडे आपण गोळा केले असें सांगून ते घरीं बसून मनानेंच रचीत. २०११ मध्यें तीन तरुण संशोधकांनीं गुपचूप पुरावा जमविला आणि विभागप्रमुखांपुढें ठेवला, तेव्हां हें उघडकीस आलें. स्टापेल यांस जावें लागलें आणि त्यांचे पन्नासांहून अधिक निबंध मागें घेण्यांत आले. चौकशीसमितीला असेंही आढळून आलें कीं, आधीं कांहीं तरुणांनीं शंका बोलून दाखविली होती, पण ती कोणी मनावर घेतली नव्हती. अशा प्रसंगीं गुरूस एकांतांत जाऊन विचारणें म्हणजे पुरावा नाहींसा करण्यास अवसर देणें होय. तेथें अधिकारी मंडळापुढेंच गेलें पाहिजे.

आणि शिष्यास याची किंमत केवढी पडते, तेंही लपवूं नये. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत २००५ सालीं सहा विद्यार्थ्यांनीं आपल्याच मार्गदर्शक प्राध्यापिकेच्या अनुदानाच्या अर्जांतील खोट्या माहितीविषयीं तक्रार केली. तक्रार खरी ठरली. पण ती प्रयोगशाळाच बंद झाली आणि विद्यार्थ्यांचीं कित्येक वर्षें पाण्यांत गेलीं. कांहींनीं विद्यापीठ सोडलें; राहिलेल्यांस नव्यानें आरंभ करावा लागला. सत्य बोलल्याबद्दल शिक्षा त्यांनींच भोगली.

म्हणून शिष्यांना "निर्भय व्हा" असा कोरडा उपदेश करण्यास मी तयार नाहीं. गुरु आणि शिष्य वादास बसतात, तेव्हां त्यांचीं आसनें सारखीं नसतात. प्रबंधावर सही गुरूची, शिफारसपत्र गुरूचें, पुढील नोकरीसाठीं चार शब्द बोलावयाचे तेही गुरूनेंच. शिष्याच्या हातीं फक्त आंकडे. अशा स्थितींत वाद शुद्ध राहावा, याची मोठी जबाबदारी ज्याच्या हातीं सत्ता त्याच्यावर, म्हणजे गुरूवर आहे. शिष्यानें पाळावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. बोलण्यापूर्वीं आपला हिशेब तीनदां पडताळून पाहावा. कारण पुष्कळदां चूक आपलीच निघते. लबाडीचा संशय नसेल तर प्रथम गुरूंकडेच जावें. कामाविषयीं बोलावें, माणसाविषयीं बोलूं नये. आणि पाठीमागें कुजबूज करूं नये. कारण जेथें गुरु उत्तर देऊं शकत नाहीं, तेथें काढलेला खरा दोषही निंदा होतो. गुरूनें पाळावयाच्या गोष्टी मात्र अधिक कठीण आहेत. मागतील तेव्हां कागद दाखवावे. राग आला तर तो आठ दिवस आपल्याजवळच ठेवावा. चूक असेल तर ती दुरुस्त करावी, आणि ती ज्यानें दाखविली त्याचें नांव घ्यावें.

हा शेवटचा नियम मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. आतां ती आरंभीं राखून ठेवलेली गोष्ट सांगतों.

मी संस्कृतचा अध्यापक होतों. एके दिवशीं नववीच्या वर्गांत मीं फळ्यावर 'भूपति' शब्द चालविला, आणि तृतीयेचें एकवचन 'भूपत्या' असें लिहिलें. दुसऱ्या बांकावरचा एक शेलाटा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, 'भूपतिना' असें पाहिजे ना?" नेमके त्याच वेळीं मुख्याध्यापक वर्गाच्या दारांत उभे होते. मीं मुलाकडे पाहून म्हटलें, "बस खालीं. मोठा पाणिनि लागून गेलास!" वर्ग हंसला. मुलगा बसला.

रात्रीं घरीं 'कौमुदी' उघडली. 'पति' शब्द एकटा असेल तर 'पत्या' होतें. समासाच्या शेवटीं असेल तर तो 'हरि'सारखा चालतो, म्हणून 'भूपतिना' हेंच शुद्ध. हा नियम पाणिनीनें स्वतंत्र सूत्र करून सांगितला आहे आणि मीं तो पाठशाळेंत घोकलेला होता. दुसऱ्या दिवशीं वर्गांत जाऊन मीं फळ्यावर 'भूपतिना' लिहिलें. "कालचें रूप खोडून हें लिहून घ्या," एवढेंच म्हटलें. त्या मुलाकडे पाहिलें नाहीं. मीं माझी चूक दुरुस्त केली. त्याचा अपमान दुरुस्त केला नाहीं. त्या वर्षीं त्या मुलानें पुन्हां एकही प्रश्न विचारला नाहीं. पुढच्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडून दिलें. कारण मीं विचारलें नाहीं, आणि त्यानें सांगितलें नाहीं.

तीस वर्षांहून अधिक काळ शिकविलें. परंतु वर्गांतून उठलेला तो एक आवाज मीच बंद पाडला, ही टोंचणी अजून गेलेली नाहीं. त्या दिवशीं द्रोह झाला खरा. पण तो शिष्यानें गुरूचा केला नाहीं. गुरूनें विद्येचा केला.

पुतणीला मीं ही हकीकत सांगितली आणि म्हटलें, "दोष दाखविणें हा द्रोह नव्हे. दोष दिसत असतां त्यावर आपला प्रबंध रचणें, किंवा त्यांच्या पाठीमागें चार मैत्रिणींत तो सांगत बसणें, यांत द्रोह आहे. हिशेब पुन्हां एकदां तपास. मग कागद घेऊन एकटी सरांकडे जा. 'तुम्हीं चूक केली' असें म्हणूं नकोस. 'माझी सरासरी जमत नाहीं, आपण पाहतां का?' असें म्हण. तें खोटेंही नाहीं."

दिवाळीनंतर ती गेली. पंधरा दिवसांनीं तिचा फोन आला. सरांनीं कागद ठेवून घेतले आणि आठवडाभर ते तिच्याशीं एक शब्दही बोलले नाहींत. त्या आठवड्यांत ती पुरती खचून गेली होती. मग एके सकाळीं त्यांनीं तिला बोलावलें, मूळ पत्रकांचा गठ्ठा समोर ठेवला आणि म्हणाले, "बस. तूं वाच, मी मांडतों." दोघें मिळून प्रत्येक तालुक्याचा आंकडा पुन्हां मांडीत आहेत. निबंधाची दुरुस्ती प्रसिद्ध होईल कीं नाहीं, आणि तींत तिचें नांव येईल कीं नाहीं, हें अजून ठरावयाचें आहे.

"पण काका," ती म्हणाली, "काल माझीच एक बेरीज चुकली, तेव्हां सर हंसले नाहींत."

हें ऐकून मला त्या प्राध्यापकांचा हेवा वाटला.